पोर्टफोलिओचं रिटचिंग बाहेर देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचे तीन हजार फोटो एडिटरकडे पाठवताना वेळ वाचावा एवढाच हेतू असतो. पोर्टफोलिओसाठी निवडलेल्या वीस-पंचवीस फोटोंची गोष्ट वेगळी. पुढची कामं कोणती येणार आणि कोणत्या दराने येणार, हे त्या फोटोंवर ठरतं. पोर्ट्रेट, फॅशन, दागिने, प्रॉडक्ट आणि लग्नाचं काम करणारे छायाचित्रकार या फोटोंचं रिटचिंग, म्हणजे त्वचा, डाग, रंग, उजेड यांची बारीक दुरुस्ती, पहिल्यांदा बाहेर देतात तेव्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण पैसे आणि मनस्ताप तिथेच जातो.

पोर्टफोलिओ माझा आणि रिटचिंग दुसऱ्याचं, ही फसवणूक नाही का?

नाही. जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ स्वतःचे प्रिंट स्वतः काढत बसले नाहीत. पिएर गासमान यांनी १९५० मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेली लॅब त्यांचे प्रिंट काढायची. फॅशनमध्ये तर ही रीतच आहे. पास्कल दांजां या रिटचरने अमेरिकन फॅशन मासिक ‘व्होग’च्या मार्च २००८ च्या एकाच अंकातल्या १४४ प्रतिमांवर काम केलं होतं: १०७ जाहिराती, ३६ फॅशन छायाचित्रं आणि मुखपृष्ठ. आपल्याकडेही जुन्या स्टुडिओंत फोटो काढणारा एक, निगेटिव्हवर शिसपेन्सिलने टचिंग करणारा दुसरा आणि कृष्णधवल प्रिंट हाताने रंगवणारा तिसरा, अशी कामाची वाटणी असायचीच.

माझी अट एकच आहे. पोर्टफोलिओत जे फिनिशिंग दाखवलंत, ते प्रत्यक्ष कामात, क्लायंटच्या बजेटमध्ये आणि त्याच्या तारखेला पुन्हा देता आलं पाहिजे. एका ब्यूटी फोटोवर कुणा निष्णात माणसाकडून दोन दिवस काम करून घेतलं आणि क्लायंटला मात्र घरच्या घरी वीस मिनिटांत उरकलेला फोटो दिला, तर फसवणूक तिथे होते. पुढची बरीचशी उत्तरं याच अटीला धरून आहेत.

कोणते फोटो बाहेर द्यावेत, कोणते देऊ नयेत?

ब्यूटी, फॅशन, दागिने, प्रॉडक्ट, खाद्यपदार्थ आणि इंटिरियर बिनदिक्कत द्या. इंटिरियरमध्ये वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडणं, खिडकीबाहेरचं दृश्य आणणं, भिंतींच्या रेषा सरळ करणं हे किचकट काम असतं, आणि ते रोज करणाऱ्याचा हात आपल्यापेक्षा नक्कीच वेगवान असतो.

वृत्तछायाचित्रण आणि वन्यजीव यांचं मात्र रिटचिंग देऊच नका. फार तर रंग आणि उजेड जुळवून घ्या, तेही समोर बसून. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’च्या २०१५ च्या स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे २० टक्के छायाचित्रं मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर बाद झाली. ताडोब्यातल्या वाघासमोरची एक काडी पुसली तर फोटो सुंदर होईलही, पण ज्या स्पर्धेत रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल) मागतात तिथे तो बाद होईल. रिटचरला हे नियम ठाऊक असतातच असं नाही. त्याच्या लेखी काडी म्हणजे कचरा.

लग्नाचे फोटो या दोन्हींच्या मधे येतात. मांडवातली लोंबती वायर, मागे जेवणाऱ्या पाहुण्याचा हात, भटजींच्या शेजारची प्लास्टिकची पिशवी काढायला हरकत नाही. पण मंगलाष्टकांच्या फोटोत नसलेल्या अक्षता हवेत उडवू नका. तुमची ओळख डॉक्युमेंटरी शैलीचे छायाचित्रकार अशी असेल, तर अजिबातच नको.

एका वेळी किती फोटो द्यावेत?

आधी तीन, ते पसंत पडले की उरलेले सगळे एकत्र. सुटे सुटे पाठवलेले फोटो सुट्या सुट्या मूडमध्ये परत येतात आणि वेबसाइटवर शेजारी ठेवले की डोळ्याला खटकतात.

रिटचर शोधायचा कुठे? आपल्याकडे, ढाक्यात की युरोपात?

शहरापेक्षा कामाचा प्रकार आधी ठरवा. या बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारची माणसं भेटतात.

पहिला प्रकार मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्या कंपन्यांचा. क्लिपिंग पाथ (वस्तूची कड आखून ती कापून घेणं), बॅकग्राउंड काढणं, कपड्यांच्या कॅटलॉगचे फोटो वगैरे. ढाका आणि भारतातली अनेक शहरं या धंद्यासाठी जगभर ओळखली जातात. इथे एका फोटोवर कधी कधी तीन वेगवेगळी माणसं बसतात: एक पाथ काढतो, दुसरा सावली घालतो, तिसरा रंग बघतो. शंभर बाटल्या पांढऱ्यावर कापून हव्या असतील तर यांच्यासारखं काम दुसरा कुणी करणार नाही. चेहऱ्याचा क्लोज-अप मात्र यांच्याकडे देऊ नये, कारण तिथे एकच डोळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागतो.

दुसरा प्रकार आपल्या परिचयाचा, म्हणजे अल्बम डिझायनर. करिझ्मा अल्बमची पानं लावणारा, स्किन स्मूथ करून देणारा, फोनवर ‘सर, रात्री देतो’ म्हणणारा. वेग अफाट असतो. यांच्यातही उत्तम हात असलेली माणसं आहेत, पण त्यांना वर्षानुवर्षं एकाच छापाचं काम मिळालेलं असतं: चेहरा गोरा, ओठ लाल, मागे धूसर फुलं. तुम्हाला वेगळं हवं असेल तर ते समोर बसूनच समजावावं लागतं.

तिसरा प्रकार स्वतंत्र रिटचर. मुंबईत जाहिरात आणि मासिकांचं काम चालतं म्हणून तिथे बरेच भेटतात, पण फाइल ऑनलाइन जाते तेव्हा माणूस नाशिकचा असो की लिस्बनचा, फरक फारसा पडत नाही. पोर्टफोलिओसाठी मी याच प्रकारातला माणूस शोधा असं सांगेन. शोधण्याचा साधा मार्ग म्हणजे आवडलेल्या फॅशन छायाचित्रांखालची श्रेयनामावली वाचणं. तिथे स्टायलिस्ट आणि मेकअप आर्टिस्टच्या बरोबरीने रिटचरचं नावही असतं.

दर कसा ठरतो?

कुणी फोटोमागे घेतात, कुणी तासावर, कुणी ‘बेसिक, ॲडव्हान्स्ड, हाय-एंड’ अशा पायऱ्या लावतात. पायऱ्यांच्या नावाला काही अर्थ नसतो. एकाचं हाय-एंड दुसऱ्याच्या बेसिकपेक्षा खालचं असू शकतं. म्हणून वेळ विचारा: ‘या फोटोला तुम्हाला किती तास लागतील?’ ब्यूटी क्लोज-अपला अनुभवी माणसालाही दोन-तीन तास सहज लागतात, केस विस्कटलेले असले तर जास्त. तेवढ्या कामाचे कुणी शंभर रुपये सांगत असेल, तर तो ते काम हाताने करणार नाही, प्लगिनवर (आपोआप काम करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरवर) सोडून देणार आहे. ते चालत असेल तर प्लगिन तुम्हीच घ्या, स्वस्त पडेल.

दरात काय काय धरलंय हे आधीच विचारून घ्या: दुरुस्तीच्या किती फेऱ्या, लेयर असलेली फाइल (जिच्यात प्रत्येक बदल वेगळ्या थरावर राहतो) मिळणार का, घाईच्या कामाला वेगळे पैसे आहेत का. लेयरच्या फाइलचे नंतर वेगळे पैसे मागितले जाणं, हे वादाचं फार नेहमीचं कारण आहे.

टेस्ट कशी घ्यावी? फुकट मागितली तर चालते का?

फुकट टेस्ट देणारे आहेत, पण ती टेस्ट तिथला सगळ्यात चांगला हात करतो आणि पुढचं काम नवशिक्याकडे जातं, असं होऊ शकतं. त्यापेक्षा एका फोटोचे पूर्ण पैसे देऊन काम करून घ्या. एकच फोटो दोघा-तिघांना द्या आणि सूचना शब्दशः त्याच ठेवा. फोटो सोपा निवडू नका. विस्कटलेले केस, दागिना, चेहऱ्यावर दोन रंगांचा उजेड आणि गळ्यापर्यंत दिसणारी त्वचा असलेला फोटो घ्या.

परत आल्यावर आधी लांबून, फोनवर लहान करून बघा. त्या आकारात चेहरा अनोळखी वाटला तर पुढे बघायचीच गरज नाही. मग शंभर टक्के झूम करा. केसांची कड मागच्या रंगात विरते की कात्रीने कापल्यासारखी दिसते? गाल आणि मान यांचा रंग जुळतो का? कान, हाताची बोटं, कोपर यांकडे लक्ष दिलंय का? चेहरा दोन तास घासायचा आणि हात तसेच सोडायचे, ही नेहमीची खोड आहे. मागच्या भिंतीवर ब्रशचे डाग राहिलेत का, ते बघायला वर एक कर्व्हज लेयर (उजेड-कॉन्ट्रास्ट बदलणारा) टाका आणि त्याची रेषा दोन-तीनदा वरखाली वळवा. रंग भयानक होतील, पण क्लोन केलेले, म्हणजे शेजारचा भाग उचलून चिकटवलेले, ठिगळ लगेच उघडे पडतील. रिटचर याला सोलर कर्व्ह म्हणतात आणि स्वतःचं काम तपासायलाही तोच वापरतात.

आणखी एक गोष्ट बघा: त्याने प्रश्न विचारले का? ‘हा गालावरचा तीळ ठेवायचा ना?’ असं विचारणारा रिटचर मिळाला तर त्याला सोडू नका.

सूचना कशा लिहाव्यात? ‘जरा छान करा’ पुरतं का?

पुरत नाही. ‘क्लीन पण नॅचरल’ यानेही काही कळत नाही, कारण प्रत्येकाचं नॅचरल वेगळं.

न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकारांच्या मॅग्नम संस्थेच्या डार्करूममध्ये प्रिंट काढणारे पाब्लो इनिरिओ यांचे खुणा केलेले टेस्ट प्रिंट एकदा इंटरनेटवर सापडले तर जरूर बघा. फोटोवर गोल, रेषा आणि आकडे: इथे इतके सेकंद जास्त, तिथे इतके कमी. कोणत्या भागाला किती उजेड द्यायचा, हे सगळं फोटोवरच लिहिलेलं. तसंच करा. फोटोची लहान प्रत घ्या, टॅबवर किंवा फोनवर बोटाने गोल काढा आणि प्रत्येक गोलाशेजारी एक ओळ लिहा. अशा ओळी:

‘डाव्या गालावरचं पुरळ काढा, तीळ ठेवा. कपाळावरची चमक अर्धी करा, पूर्ण नको. नथीची तार पुसू नका. पदराची सुरकुती क्रमांक १ काढा, २ आणि ३ राहू द्या. मागची स्विचबोर्डची पाटी काढा. कंबर, दंड, जबडा यांचा आकार बदलू नका.’

शेवटचं वाक्य प्रत्येक वेळी लिहा, गरज नाही असं वाटलं तरी. न सांगता कंबर बारीक करणं ही अनेकांची सवय झालेली असते. शिवाय आवडलेले दोन-तीन संदर्भ फोटो जोडा आणि त्यातलं नेमकं काय आवडलं तेही लिहा: सावल्यांचा रंग, त्वचेचा पोत की कॉन्ट्रास्ट. नुसता संदर्भ पाठवला तर रिटचर त्यातली भलतीच गोष्ट उचलतो.

सूचना मराठीत लिहिल्या आणि समोरचा मराठी असला तर फारच उत्तम. पण व्हॉइस नोटवर भागवू नका. काम रात्री अकराला होतं, आणि तेव्हा कुणी चार मिनिटांची नोट पुन्हा ऐकत नाही.

त्वचेचं किती करायचं? गोरं करून देतात, ते कसं थांबवायचं?

साधा नियम असा: जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे ते काढा. पुरळ, ओरखडा, डासाचा चावा, झोप न झाल्याने आलेली डोळ्यांखालची छटा. जे त्या माणसाचं आहे ते ठेवा. तीळ, जुना व्रण, गोंदण, खळी, हसल्यावर पडणाऱ्या रेषा. त्या माणसाने स्वतः सांगितलं तर वेगळी गोष्ट.

पद्धतीबद्दल थोडं. फ्रिक्वेन्सी सेपरेशनमध्ये त्वचेचा पोत एका लेयरवर आणि रंग-उजेड दुसऱ्यावर वेगळा काढतात. पद्धत वाईट नाही, पण खालचा, रंग-उजेडाचा लेयर भसाभस ब्लर केला की छिद्रं तशीच आणि गाल मात्र सपाट, असा मेणाचा चेहरा तयार होतो. डॉज-बर्नमध्ये बारीक ब्रशने एकेक ठिपका उजळ किंवा गडद करत उजेड सारखा करतात. वेळ खूप लागतो, पण पोत शाबूत राहतो. क्लोज-अपसाठी डॉज-बर्नच मागा आणि त्या वेळेचे पैसे द्या.

गोरेपणाचा मुद्दा सूचनांच्या पहिल्या ओळीत यायला हवा: ‘त्वचेचा मूळ रंग आणि गडदपणा बदलू नका.’ एवढ्याने थांबलं नाही तर तो रिटचर तुमच्यासाठी नाही. सावळ्या त्वचेवर उजेड कसा पडतो हे तुम्ही शूटच्या वेळी मेहनतीने सांभाळलेलं असतं. शॅडोज (गडद भाग) उजळून ते सपाट करणं म्हणजे तुमचंच प्रकाशयोजनेचं काम पुसणं. पोर्टफोलिओत सगळ्या चेहऱ्यांचा एकच गव्हाळ-गुलाबी रंग दिसला की चांगला आर्ट डायरेक्टर पान उलटतो. आणि ज्या मुलीचा फोटो आहे ती तर तुमच्याकडे पुन्हा येणारच नाही.

साडी, नथ, मेंदी यांचं काय? बाहेरच्या रिटचरला ते कळतं का?

बहुतेकदा नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. सांगायचं काम आपलं.

पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव दिसते: घडीवर हिरवा, वळणावर जांभळा. हे न कळणाऱ्याला तो रंगाचा दोष वाटतो आणि तो सगळी साडी एकाच हिरव्यात आणून ठेवतो. साडीवाल्या दुकानाचं काम असेल तर तो फोटो कामातून गेला. जरीच्या बारीक विणीवर कॅमेऱ्यात मोआरेच्या, म्हणजे कापडात नसलेल्या, लाटा येतात. त्या काढायच्या असतात, पण जरीची चमक मारून नव्हे.

नथीची बारीक तार त्वचेवरचा केस समजून हील टूलने पुसली जाते. मंगळसूत्रातले काळे मणी क्लोन करताना एकसारखे छापले जातात आणि वाट्या वाकड्या होतात. मेंदीवर स्किन स्मूथिंग फिरलं की नक्षी विरघळते. हळदीच्या फोटोत अंगावरची पिवळी छटा खरी असते, ती ‘करेक्ट’ करून उपयोग नाही. चंद्रकोरीच्या टोकांना हात लावू नये. आणि लिक्विफाय, म्हणजे आकार ढकलून बदलायचं टूल: नऊवारीचा काठ ही फोटोतली सगळ्यात लांब सरळ रेषा असते. कंबर जरा आत ढकलली की काठ वाकतो, आणि मराठी डोळ्याला ते लगेच दिसतं.

याची एक पानभर यादी एकदा करून ठेवा आणि प्रत्येक कामासोबत जोडा.

रॉ फाइल द्यावी का?

माझा कल ‘नको’कडे आहे. रॉ कन्व्हर्जन म्हणजे रंग आणि उजेडाचा पहिला निर्णय, आणि तो तुमचा असावा. शिवाय फोटो तुम्हीच काढलात याचा हाताशी असलेला चांगला पुरावा म्हणजे रॉ फाइल. लाइटरूम किंवा कॅप्चर वन या सॉफ्टवेअरमध्ये रंग जुळवा, शार्पनिंग कमीत कमी ठेवा, आणि १६-बिट टिफ पाठवा. जेपेगमध्ये दर चॅनलला फक्त २५६ पायऱ्या असतात. गालावरच्या हलक्या उतारावर डॉज-बर्न केलं की तिथे पट्टे पडतात.

रिटचर रॉ मागतो तेव्हा कारण विचारा. उडालेले (पांढरेफटक झालेले) हायलाइट परत आणायला किंवा केसांसाठी दुसरं एक्स्पोजर जोडायला मागत असेल तर तेवढ्याच फ्रेमची द्या. नुसत्या रंगसंगतीच्या कामाला लाइटरूमचे स्मार्ट प्रिव्ह्यू (रॉच्या लहान प्रती) पुरतात, पण त्यांची लांब बाजू सुमारे अडीच हजार पिक्सेलच असते. त्यावर रिटचिंग होत नाही.

फाइल एवढ्या मोठ्या, पाठवायच्या कशा?

हिशेब करून बघा. ४५ मेगापिक्सेलची १६-बिट फाइल उघडल्यावर एका लेयरला २७० एमबी होते. चार-पाच लेयर झाले की एक जीबी पार. फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल २ जीबीच्या पुढे सेव्ह होत नाही, मग मोठ्या फाइलसाठीची पीएसबी लागते. गूगल ड्राइव्हची फुकटची १५ जीबी जागा परतीच्या फाइलमध्येच संपते, म्हणून महिनाभराची जागा विकत घ्या आणि तो खर्च कामात धरा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवाल तर तो दाबून लहान केला जातो. मान्यतेसाठी लहान प्रत पाठवायची तरी डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. पाठवण्याआधी मेटाडेटातलं लोकेशन काढा. घरगुती शूट असेल तर विशेषच.

परत मागताना लेयरसकट फाइल आणि सपाट टिफ, दोन्ही मागा. आणि मूळ फोटोचा लेयर तळाशी तसाच ठेवायला सांगा.

त्याच्याकडे रंग बरोबर, माझ्याकडे वेगळे. चूक कुणाची?

बहुतेक वेळा मॉनिटरची. दोघांचेही मॉनिटर कॅलिब्रेट केलेले (रंग-उजेड मोजून ठरावीक मापाला आणलेले) हवेत: ६५००के, गॅमा २.२, आणि उजेड साधारण १२० कॅन्डेलाच्या आसपास. आपल्याकडचे बहुतेक लॅपटॉप पूर्ण उजेडावर चालवले जातात. त्यावर पसंत केलेला फोटो प्रिंटला गडद येतो, आणि मग बोलणी लॅबवाल्याला बसतात. रात्री पिवळा होणारा डिस्प्ले मोडही बंद ठेवा.

दुसरं कारण कलर प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग कसे वाचायचे याची नोंद. काम ॲडोबी आरजीबीत चालू द्या, पण वेबसाइटवर टाकताना एसआरजीबीत बदलून आणि प्रोफाइल जोडूनच टाका, नाहीतर पैठणीचा राणी रंग फोनवर विटकरी दिसेल. छापील पोर्टफोलिओसाठी लॅबला कोणतं प्रोफाइल हवंय ते आधी विचारा. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ए४ पानासाठी २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे आजचा कोणताही कॅमेरा पुरून उरतो.

रिटचर एआय वापरतो असं दिसतंय. हरकत घ्यावी का?

कशासाठी वापरतो ते विचारा. सिलेक्शन, धुळीचे डाग, नॉइज कमी करणं यासाठी वापरला तर आनंद आहे, तुमचाच दर कमी व्हायला हवा. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल (एआयने नवा भाग भरायची सोय) आल्यापासून बॅकग्राउंड वाढवणं मिनिटांचं काम झालंय. पण मोठ्या भागात भरलेला तुकडा मूळ फोटोपेक्षा मऊ असतो आणि मोठ्या प्रिंटवर तो ओळखू येतो.

दागिन्यांच्या फोटोत मात्र स्पष्ट मनाई करा. एआय ठुशीचे मणी स्वतःच्या मनाने मोजतो, कोल्हापुरी साजातली पानं बदलतो. सराफाच्या दुकानात तसा दागिनाच नसतो. आणि फोटो कुठल्या बाहेरच्या सर्व्हरवर चढतोय का, तेही विचारा. तो चेहरा कुणाचा तरी आहे.

क्लायंटच्या कामातले फोटो रिटच करून पोर्टफोलिओत टाकता येतात का?

इथे बरेच जण गाफील असतात. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार फोटो काढणारा हा त्याचा कर्ता असतो, हे खरं. पण कलम १७ म्हणतं की कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे लग्नाच्या फोटोंवर, लेखी काही नसेल तर, हक्क नवरा-नवरीच्या घरचा. बुकिंगच्या कागदावर दोन ओळी टाका: कॉपीराइट कुणाचा, आणि पोर्टफोलिओत वापरायची परवानगी. व्हॉट्सॲपवर आलेलं ‘हो चालेल’ नसल्यापेक्षा बरं, पण सही असलेला कागद वेगळाच.

रिटचरशीही लेखी ठरवा: त्याने केलेल्या कामातले सगळे हक्क तुमच्याकडे येतील. हक्क हस्तांतराचा कागद करताना मुदत आणि प्रदेश लिहा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

रिटचर ‘आधी-नंतर’ स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकू शकतो का?

तुम्ही आणि फोटोतल्या व्यक्तीने लेखी परवानगी दिल्याशिवाय नाही. हे पहिल्या ईमेलमध्येच सांगा. ‘आधी’च्या फोटोत एखाद्या नवरीचं पुरळ, एखाद्या अभिनेत्याचं टक्कल असतं. ते बाहेर गेलं तर लोक रिटचरला नाही, तुम्हाला फोन करतील. त्याला नमुना म्हणून दाखवायला काहीतरी हवंच असतं, हेही खरं. त्यासाठी परवानगी मिळालेले एक-दोन फोटो आपणहून द्या.

चूक राहून गेली तर जबाबदार कोण?

लोकांच्या लेखी, तुम्ही. २०१६ मध्ये इटलीतल्या एका प्रदर्शनात प्रसिद्ध अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या क्युबातल्या एका फोटोच्या प्रिंटमध्ये रस्त्यावरच्या खांबाचा तुकडा भलत्याच जागी उरलेला एका प्रेक्षकाला दिसला. आपण प्रवासात होतो, काम लॅबमधल्या माणसाचं होतं, असं मॅकरी यांनी सांगितलं. बातम्या मात्र मॅकरींच्याच नावाने झाल्या, आणि मग लोकांनी त्यांचे जुने फोटोही तपासायला घेतले. म्हणून शेवटची फाइल स्वतः, मोठ्या स्क्रीनवर, मूळ फोटोशेजारी ठेवून बघितल्याशिवाय कुठेही टाकू नका.

श्रेय द्यायचं का?

द्या. फॅशनमध्ये ती पद्धत आहे, लग्नाच्या कामातही पडायला हरकत नाही.

जीएसटीचं काय?

नोंदणी असलेला रिटचर १८ टक्के लावेल. तुमचीही नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात सहसा नोंदणी लागत नाही, तो कर लावणार नाही. परदेशातल्या माणसाला पैसे देणार असाल तर रिव्हर्स चार्जचा (सेवा घेणाऱ्यानेच कर भरण्याचा) प्रश्न येतो. त्याबद्दल आधी सीएला विचारा, बिल आल्यावर नव्हे.

पोर्टफोलिओ बघून काम आलं. आता तेच फिनिशिंग क्लायंटला कसं द्यायचं?

कोटेशनमध्ये रिटचिंगची वेगळी ओळ टाका. किती फोटो, कोणत्या पातळीचे, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, वाढीव फोटोला किती. ‘एडिटिंग सहित’ असं मोघम लिहिलं की क्लायंट तीनशे फोटोंना पोर्टफोलिओतलं फिनिशिंग मागतो, आणि त्याचं चुकतही नाही, कारण तुम्ही तेच दाखवलेलं असतं. तीनशेतले पंधरा पूर्ण रिटच आणि बाकी रंग जुळवलेले, असं लिहून सही घ्या. शूटची तारीख नक्की करण्याआधी रिटचरला फोन करून तो त्या आठवड्यात मोकळा आहे का ते विचारा. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत तो नसतो. म्हणून टेस्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या माणसालाही अधूनमधून एखादा फोटो देत राहा.